बोळा पांढरा निघेपर्यंत

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता. सकाळची शाळा, नळाचं पाणी जायची वेळ, आणि पलीकडून नलिनीवहिनींचा आवाज... "बाई, हे गेले. झोपेतच गेले." मी काहीतरी म्हणाले असेन, पण तोंडात सगळा फेस, त्यांना ते कळलं नसणार आणि मलाही आता आठवत नाही. फोन ठेवला, चूळ भरली, आरशात बघितलं आणि जीभ आपोआप वरच्या पुढच्या दाताकडे गेली. त्या दाताचा खालचा कोपरा, करंगळीच्या नखाच्या टोकाएवढा तिरपा तुकडा, मूळचा माझाच आहे, पण तो दाताला चिकटवलेला आहे. तो जागेवर होता. ज्यांनी चिकटवला ते नव्हते.

डॉक्टर वसंतराव. भोरमध्ये त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत, वेल्ह्याकडच्या गावांत 'दाताचं डॉक्टर'. त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. शोकसभा झाली, पुष्कळांनी चांगलं बोलून झालं. मी मागच्या ओळीत बसले होते. कुणीतरी म्हणालं, मुख्याध्यापकबाई, तुम्हीपण दोन शब्द बोला; मी हात जोडले आणि नाही म्हणाले. माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते माइकसमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. लिहिताना निदान समोर कुणी बसलेलं नसतं. एक अपवाद सोडला तर आजवर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या मिस्टरांनासुद्धा हे इथंच, पुरवणीत वाचूनच कळणार आहे. रविवारी सकाळी जरा जपूनच राहावं लागेल.

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी विंझरच्या प्राथमिक शाळेत नवीनच लागले होते. आमचं घर भोरला. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. रोज भोरहून नसरापूर, तिथं गाडी बदलून विंझर. एके दिवशी नसरापूरच्या पुढे गाडीसमोर म्हैस आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि मी समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीवर तोंडावर आदळले. रक्त फार आलं नाही. पण जीभ फिरवली तर दाताच्या जागी करवतीसारखं काहीतरी लागलं. मी पदर तोंडावर धरून बसले. कंडक्टर सीटखाली वाकून शोधत होते; थोड्या वेळानं त्यांनी तिकिटाच्या कागदात काहीतरी गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हे तुमचंच हाय का बघा. न्हाईतर दुसऱ्या कुणाचं आसायचं." गाडीत हशा पिकला. मीही हसले असते, पण तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

त्या वयात पुढचा दात तुटणं काय असतं, हे बाईमाणसालाच कळेल. त्यातून मी मास्तरीण. तुटक्या दातातून 'स' निसटायचा, शिट्टीसारखा. मी फळ्यावर 'ससा' लिहून मोठ्यानं वाचला की अख्खा वर्ग शिट्टी वाजवायचा. आमच्या घरातून शिकून नोकरीला लागलेली मी पहिली. दादांनी मला शिकवण्यासाठी काय काय सोसलं ते मी पाहिलं होतं. माझ्यासाठी एक स्थळही बघून ठेवलं होतं, आणि मुलाकडचे दिवाळीनंतर येणार होते. आई रात्रंदिवस एकच म्हणायची, "सुमे, हसू नकोस बाई. हसलीस की समदं दिसतंय."

दादा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचा दवाखाना, त्याच्या पाठीमागेच घर. डॉक्टर तेव्हा पस्तिशीचे असतील. उंच, जरा वाकलेले, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. त्यांनी तिकिटाच्या कागदातला तुकडा वाटीतल्या पाण्यात टाकला, दोन वेळा उलटसुलट केला आणि म्हणाले, "हा परत बसवून बघू. सोन्याचा किंवा नकली दात लावायचा म्हणजे आहे तो कानसून लहान करावा लागतो. देवानं दिलेलं एवढं शिल्लक आहे, ते कशाला घासायचं?" मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. रक्तदाब, ताप, आणि शेवटी, "तंबाखू, मिसरी वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आधी दादा म्हणाले, "आमच्या घरात तंबाकूचं नाव न्हाई, डॉक्टर. आमी पंचशील पाळतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही, बाई?"

मी मान हलवली. नाही.

आता इथं थांबून सांगायला हवं. मिसरी म्हणजे काय हे ठाऊक नसलेले वाचक आता पुष्कळ असतील. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि तर्जनीनं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्याकडच्या बायकांचं ते व्यसनही होतं आणि दिवसातला तेवढाच एक हक्काचा निवांतपणाही. दीक्षा घेतली त्या दिवसापासून दादांनी विडी सोडली होती आणि घरातली मिसरीची डबी ओढ्यात टाकून दिली होती. आईनं आठ-पंधरा दिवस कळ काढली. मग दादा ड्यूटीवर गेले की ती चुलीवर तवा ठेवी, मिसरी भाजून घेई आणि वास झाकायला लगेच त्याच तव्यावर मिरच्या टाकी. आल्या आल्या दादा खोकत आणि म्हणत, "ह्या घरात तिखट लई लागतंय." मला बारा-तेराव्या वर्षी दाढ दुखली तेव्हा आईनंच बोटावर घेऊन लावली, "जरा येक बोट लाव, उतरंल." दुखणं उतरलं, बोट मात्र डबीतून निघालं नाही. डी.एड. झाले, मास्तरीण झाले, तरी रोज सकाळी न्हाणीघरात एक बोट लावल्याशिवाय मला दिवस सुरू करता येत नसे. नंतर मीठ आणि राखेनं दात लख्ख घासून मी बाहेर पडायची. बघणाऱ्याला काही दिसत नसे.

दादांसमोर नाही म्हणणं हे एक वेळ समजून घेता येईल. पण त्यानंतर कितीतरी वेळा मी एकटी त्या खुर्चीवर बसले, आणि त्या प्रत्येक वेळी मला ते दुरुस्त करता आलं असतं.

डॉक्टरांची एक सवय होती. काम करताना ते आपण काय करतोय ते बोलत राहत. पेशंटला धीर यावा म्हणून की स्वतःला विसर पडू नये म्हणून, कोण जाणे. आधी ते कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दात पुसत. मग सिमेंटच्या बाटलीतलं आम्लाचं पाणी काडीनं लावत. "पाट्याला टाकी लावतात ना, तशी ही दाताला टाकी. गुळगुळीत पाट्यावर चटणी वाटली जात नाही आणि गुळगुळीत दातावर गोंद धरत नाही." ते धुवायचं, पुन्हा स्पिरिटनं कोरडं करायचं, मग गोंदाची भुकटी आणि उग्र वासाचा द्रव कालवून तुकडा जागेवर दाबून धरायचा. या स्पिरिटला, ईथरला, ॲसिटोनला ते पाहुणे म्हणत. "हा पाहुणा येतो, दातावरचा ओलावा बरोबर घेतो आणि उडून जातो. गेला पाहिजे पण. जो पाहुणा मुक्काम ठोकतो तो चिकटलेली घरं सोडवतो." माझं तोंड उघडं, त्यामुळे हसायचं ते डोळ्यांनीच.

पहिल्यांदा बसवलेला तुकडा महिनाभरही टिकला नाही. वर्गात धडा वाचताना 'स्वातंत्र्य' म्हणाले आणि तो उडून खडूच्या डब्यात पडला. मी तो रुमालात बांधून आणला. डॉक्टर म्हणाले, "चुकलं माझंच. ओलावा राहिला असेल." त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं.

दुसऱ्यांदा जे झालं ते अधिक वाईट. डॉक्टरांचे पुण्याचे सर, ज्यांच्या हाताखाली ते शिकले होते, घरच्या मंडळींना भाटघरचं धरण दाखवायला आले होते. तेव्हा असं दात चिकटवणं नवीनच होतं. डॉक्टरांनी त्यांना पत्रानं कळवलं होतं, आणि कॉलेजच्या मुलांना दाखवायला तुला बोलावून घेईन असं सरांचं उत्तरही आलं होतं. डॉक्टर आनंदात होते. मला म्हणाले, "बाई, शनिवारी शाळा सुटल्यावर याल का? तुमचा दात सरांना दाखवायचाय." मी इस्त्रीचं पातळ नेसून गेले. वेटिंगच्या बाकावर वेल्ह्याची दोन माणसं, आत खुर्चीवर मी, आणि सरांनी हत्याराच्या टोकानं तुकड्यावर टिचकी मारली. नुसती टिचकी. तुकडा त्यांच्या तळहातावर आला.

सर हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. "वसंता, साधं पुसायला विसरलास होय रे? का भोरची हवाच सोसत नाही याला?" डॉक्टरांनीही हसून घेतलं. "पावसाळी हवा आहे सर," असं काहीतरी पुटपुटले. मला त्यांचे कान दिसत होते. ते लाल झाले होते. त्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा जास्त मिसरी लावली होती, कारण मोठ्या डॉक्टरांसमोर बसायची भीती वाटत होती... पुण्याला बोलावण्याची गोष्ट सरांनी परत काढली नाही, आणि डॉक्टरांनीही.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते बघायला आख्खं भोर यायचं. वेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी डॉक्टर घडीची खुर्ची एसटीच्या टपावर टाकून तिकडं जात, झाडाखाली बसून दात काढत. काढलेले दात ते बरणीत घालून आणू लागले. बायका विचारत, "डॉक्टर, दात काढता ते काढता, वर न्हेताबी? लोणचं घालता का काय त्याचं?" ते म्हणत, "हो, मुरलं की पाठवतो." घरी आणून ते दात सोडा घालून उकळायचे, अगदी पांढरेशुभ्र करायचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत आढ्याला खिळे मारलेले होते. एकेका दाताचं मूळ तारेनं खिळ्याला बांधायचं, दर्शनी बाजूला त्याच गोंदानं एक आकडी चिकटवायची आणि आकडीला वजन टांगायचं. एका दाताला स्पिरिटचा पाहुणा, एकाला ईथरचा, एकाला ॲसिटोनचा, एकाला क्लोरोफॉर्मचा, एकाला नुसतं पाणी. वजनं समोरच्या किराणा दुकानातली. दुकानदार दारात येऊन ओरडायचा, "डॉक्टर, माझं आर्धा किलो सोडा, गिऱ्हाईक खोळंबलंय. दातांना काय घाई हाय?"

दर शनिवारी शाळा सुटली की मी जायची. तुकडा पाण्याच्या वाटीतच ठेवलेला असायचा. ते मला आत बोलावून दाखवत. ईथर इतकं झपाट्यानं उडतं की दात गार पडतो आणि श्रावणातल्या ओल्या हवेत त्यावर उलट घाम धरतो. क्लोरोफॉर्म गोंदालाच मऊ करतं. ॲसिटोन चांगलं, पण उघड्या दाताला झोंबतं. स्पिरिट सगळ्यांत समजूतदार. "बघा ना," ते आढ्याकडे बोट दाखवून म्हणत, "स्पिरिटवाले कसे धरून बसलेत. मग तुमच्याच दाताला काय झालंय?" त्यांच्या चेहऱ्यावर चिडचिड नसायची, नवल असायचं. लहान मुलाच्या हिशेबात सगळं बरोबर असून उत्तर चुकावं तसं. वहिनी आतून म्हणायच्या, "अहो, जेवायला या. दात टांगलेले आहेत, आतडी नका टांगू." ते हो म्हणायचे आणि खिळ्याखालीच उभे राहायचे.

त्या खोलीत उभं राहून मला दर वेळी वाटे, सांगावं. एकदा तर मी "डॉक्टर..." एवढं म्हणालेही. त्यांनी वळून पाहिलं. मी म्हणाले, "तो कोपऱ्यातला पडेल असं वाटतंय." तो खरंच पडला आणि डॉक्टर माझ्या नजरेचं कौतुक करत बसले.

मग रॉकेलची टंचाई आली. दुकानापुढं डब्यांच्या रांगा. वहिनींना स्वयंपाकालाच पुरेना, तर दात कुठून उकळणार? वेल्ह्याहून आणलेले दात डॉक्टरांनी नुसते धुऊन घेतले, स्पिरिटनं एकदा पुसले आणि टांगले. एकामागून एक सगळे सुटले. चिमूटभर वजनालाही टिकेनात. तो शनिवार मला चांगला आठवतो, कारण मी आत गेले तेव्हा डॉक्टर स्टुलावर बसून एक दात भिंगातून पाहत होते आणि त्यांना किती आनंद झाला होता ते लपत नव्हतं.

"सापडलं, बाई. मी मूर्ख, सगळे दात उकळून साफ करून बसलो. हे बघा. हे सगळे म्हाताऱ्या बायकांचे, मिसरीचे दात. मिसरीचं तेलकट काळं असतं ना, ते स्पिरिटमध्ये विरघळतं. आपल्याला वाटतं, गेलं. ते जात नाही, पातळ होतं आणि सगळ्या दातावर पसरतं. डोळ्यांना दिसत नाही. मग त्यावर आम्लाची टाकी बसत नाही. एका बोळ्यानं भागायचं नाही. बोळा टाकायचा, दुसरा घ्यायचा, तो टाकायचा, तिसरा घ्यायचा... बोळा पांढरा निघेपर्यंत." एवढं भरभरून बोलले आणि मग त्यांचा आवाज जरा हळू झाला. "तुम्ही लावत नाही म्हणालात, म्हणून मी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं."

यात टोमणा असता तर मला बरं झालं असतं. तो नव्हता. त्यांनी माझा शब्द खरा धरला होता आणि सगळी चूक आपल्या बाटल्यांमध्ये शोधत बसले होते, एवढंच त्यांनी सांगितलं. मी खाली फरशीकडे पाहत राहिले. बाहेरच्या बाकावर माणसं होती, दार उघडं होतं.

ते म्हणाले, "बसा खुर्चीवर."

त्यांनी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि दात पुसला. बोळा माझ्या डोळ्यांसमोरूनच वर गेला. तपकिरी. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं. त्यांनी तो ताटलीत टाकला, दुसरा घेतला. तोही तपकिरी, जरा फिका. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंड उघडं असताना रडता येत नाही, नुसतं पाणी कानाकडे वाहतं. डॉक्टर तिसरा बोळा भिजवत होते. बाहेर ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "शाळेत चहा फार होतो वाटतं, बाई? चहाचा डाग फार चिवट."

मी मान हलवली. हो.

"कमी करा चहा," ते म्हणाले, आणि पुसत राहिले. शेवटचा बोळा त्यांनी उजेडाला धरून मला दाखवला. पांढरा होता.

तो तुकडा बसला. वहाणेचा अंगठा जसा मधूनमधून शिवून घ्यावा लागतो तसा पुढं दोनतीन वेळा त्यांनीच तो नव्यानं लावून दिला, पण टिचकीनं कधी पडला नाही. दिवाळीनंतर मुलाकडचे आले आणि मी हसले. मिसरी त्या शनिवारी सुटली असं लिहायला आवडलं असतं. सुटायला पुढचा उन्हाळा उजाडला. डोकं दुखायचं, वर्गात मुलांवर खेकसायची. पण बोट डबीकडे गेलं की तो तपकिरी बोळा दिसायचा आणि त्यापाठोपाठ ते वाक्य ऐकू यायचं, चहा फार होतो वाटतं बाई. मला कुणी रागावलं असतं तर मी हट्टानं लावत राहिले असते. आईला कारण सांगितलं नाही. ती म्हणाली, "आता येकटीच लावू व्हय?" काही दिवसांनी तिच्या तव्यावर नुसत्याच मिरच्या भाजल्या जाऊ लागल्या. दादा तरीही खोकतच राहिले, सवयीनं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला मिसरीपेक्षा जड आहे. लग्नानंतर भोर सुटलं, तरी पुढं वर्षानुवर्षं मी डॉक्टरांकडे जात राहिले. शाळेतून परस्पर, एकटीच. कधी एखादी दाढ दुखणारी विद्यार्थिनी बरोबर, कधी नुसतीच भेटायला. मग त्या मागच्या घरात बसणं होऊ लागलं. वहिनी अगत्यानं बसवून घेत. इतर आलेल्यांना कपबशीतून चहा येई. मला स्टीलच्या पेल्यातून दूध. दर वेळी. कधी 'चहा घेणार का' असा प्रश्न नाही. आमच्या लोकांना वेगळं भांडं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. लहानपणी मी ते एका मैत्रिणीच्या ओसरीवर पाहिलेलं होतं, बाजूला पालथी घातलेली कानतुटकी कपबशी. मी दूध पिऊन पेला खाली ठेवायची आणि मनात म्हणायची, डॉक्टर देवमाणूस आहेत, पण घर शेवटी घरच. वहिनी प्रेमानं बोलायच्या, साडीचं कौतुक करायच्या, आणि माझी नजर त्यांच्या कपबश्यांवर असायची. मी कधी विचारलं नाही. न विचारणं हा माझा स्वभावच, पण त्यात थोडी मजाही होती. मिसरीचं माझं ओझं त्या पेल्यामुळे हलकं व्हायचं. माझ्याकडे एक खोटं होतं, त्यांच्याकडे एक पेला. फिट्टंफाट, असं मी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांची शेवटची भेट दिवाळीत झाली. हात कापायला लागले होते, दवाखाना बंद करून पुष्कळ दिवस झाले होते. त्यांनी मला उजेडाला बसवलं, भिंग घेतलं आणि दात पाहिला. "धरलाय अजून," म्हणाले. मी म्हणाले, "तुमच्यामुळं." ते म्हणाले, "बोळ्यामुळं." एवढंच. निघताना वाटलं होतं, पुढच्या वेळी नक्की सांगायचं. पुढची वेळ ब्रश तोंडात असताना आली.

दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेले. घरात गर्दी नव्हती. मुलगा मागच्या खोलीला रंग काढायचा म्हणत होता, म्हणून वहिनींनी मला ती खोली उघडून दाखवली. बाटल्या गेल्या होत्या, बरणी गेली होती. आढ्याचे खिळे तसेच होते, आणि एका खिळ्याला अजून एक दात लोंबकळत होता, आकडीला अर्धा किलोचं गंजलेलं वजन. वहिनी म्हणाल्या, "हा त्या टंचाईच्या वर्षीचा. वेल्ह्याच्या कुणा म्हातारीचा. ह्यांनी बोळ्यावर बोळे फिरवून लावला आणि मग काढूच दिला नाही. दुकानदार मरेपर्यंत वजन मागत होता. हे म्हणायचे, पडला की देतो. रोज सकाळी येऊन बघून जायचे. पडत नाही हो."

मी वर पाहत होते. त्या म्हातारीनं आपलं तोंड त्यांच्यापुढं उघडलं होतं आणि काही लपवलं नव्हतं, म्हणून तिचा दात इथं टांगलेला होता, सगळ्यांना दिसेल असा.

मी म्हणाले, "वहिनी, मी मिसरी लावत होते. तेव्हा. डॉक्टरांनी विचारलं तर खोटं सांगितलं. त्यांच्या सरांसमोर त्यांची मान खाली गेली ती माझ्यामुळं."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. रागानं नाही, काहीतरी जुळवत असल्यासारख्या. "मिसरी?" त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी तर मला चहा सांगितलं होतं."

"काय?"

"चहा. तुमचा दात बसवला त्या दिवशी जेवताना म्हणाले, त्या बाईंच्या दाताला चहाचा डाग फार लागतो, त्यांना कधी चहा विचारू नकोस. नको म्हणताना अवघडतील बिचाऱ्या. दूध देत जा." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी दूध देतेय हो तुम्हाला. एकदाही म्हणाला नाहीत, चहा चालेल म्हणून."

खोटं बोलणारा खोटं विसरून जातो. मिसरी सुटली तशी चहाची ती थापही मी विसरून गेले होते. डॉक्टरांनी ती त्यांच्या घरातसुद्धा माझ्या वतीनं जपली, बायकोलाही खरं कळू दिलं नाही, आणि त्याच थापेचा पेला हातात घेऊन मी त्या माउलीला इतकी वर्षं मनात तोलत बसले होते. मी कशीबशी म्हणाले, "आणि पेल्यातून?"

"मग दूध काय बशीत ओतून देऊ?" वहिनी म्हणाल्या. "मांजर आहात का?"

मी त्या पेल्याला काय समजत होते ते त्यांना तिथं सांगितलं नाही. तेवढा एक बोळा राहिलाच होता. तो आज इथं फिरवते आहे. वहिनी पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, त्यामुळे इथपर्यंत यायला त्यांना दुपार होईल. तोवर मला क्षमा मागायला भोरला पोचता येईल.

त्या दिवशी त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही. मुलाला म्हणाल्या, रंग दे, पण तो खिळा सोडून दे. मग मला स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं, गॅसवर आधण ठेवलं, फळीवरून कपबशी काढून धुतली. चहा टाकला, आलं ठेचलं, आणि साखरेच्या डब्यात चमचा घालून तशाच माझ्याकडे वळून उभ्या राहिल्या.

"साखर किती घालू, बाई?" वहिनी म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मला हे माहीतच नाही."